काकांच्या चित्राचा काठ

सर्व संबंधितांस, असंबंधितांस, आणि दिवाळीच्या प्रदर्शनाला येऊन ज्यांनी फराळाच्या टेबलापलीकडे पाऊलही टाकलं नाही अशा कॅनडातील ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या समस्त मराठी जनांस याद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या मुरक्क्याच्या नवव्या पानावर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, सोन्याच्या रंगात, बोटाच्या पेराएवढा, हातात डबा घेतलेला जो इसम उभा आहे, तो फकीर नाही. तो फकीर आहे असे प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी बऱ्याच जणांना सांगितले. ते खोटे होते. सदर इसम प्रस्तुत लेखकाने काढला, पूर्ण शुद्धीत काढला, आणि काढताना त्यास फार मजा आली.

झालं. आता सिंहासनावरून खाली उतरतो आणि तुमच्याशेजारी बसून सांगतो.

मुरक्का म्हणजे अल्बम. मुघल बादशहांच्या पदरी चित्रकार असत. ते दरबारातल्या माणसांच्या तसबिरी काढत, आणि त्या सुट्या न ठेवता रुंद काठाच्या पानांवर चिकटवून त्यांची वही बांधली जाई. मधे तसबीर, भोवती काठ. या काठाला हाशिया म्हणतात. त्यात सोन्याच्या रेघांनी काढलेली फुलं, पक्षी, ढग असतात आणि कधी कधी छोटी छोटी माणसंही असतात. कुणी कागद घोटतोय, कुणी पुस्तक शिवतोय, कुणी नुसताच झाडाखाली बसलाय. मधला सरदार छाती काढून उभा, आणि कडेला ही मंडळी आपापल्या कामात. तीन वर्षांपूर्वी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी टेलिकॉममधला माणूस. सिग्नल कुठे पडला हे शोधण्यात माझी पंचवीस वर्षं गेली.

हे सगळं मी शिकलो बाईंच्या बेसमेंटमध्ये. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. सत्तरी ओलांडलेल्या. मुंबईत एका संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि यजमान गेल्यावर त्या मुलाकडे कनाटात आल्या. मुलाने बेसमेंट दिलं. त्यात एका बाजूला फर्नेस, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन, मधे पिंगपाँगचं टेबल. त्या टेबलाभोवती शनिवारी दुपारी आम्ही पाचजण बसायचो आणि मुघल व्हायचो.

पहिल्या महिन्यात सगळ्यांनी चेहरे काढायचे होते. मी माझ्या बायकोचा चेहरा एका बाजूने काढला. बाईंनी कागद दूर धरला, जवळ धरला.

"ही कोण?"

"माझी बायको."

"तिला दाखवलंस?"

"अजून नाही."

"नको दाखवूस."

दरबारात एका चित्राला दोन-तीन हात लागत, असं बाईंनी मग प्रेमाने समजावलं. एकजण चेहरा काढी, दुसरा रंग भरी, तिसरा काठ करी. माझी नेमणूक काठावर झाली. घरी येऊन मोठ्या थाटात सांगितलं तर बायको म्हणाली, "त्यात नवीन काय? पंचवीस वर्षं हेच चाललंय. मधे मी, कडेला तू."

पण मला काठ जमला. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला लागतो, तो बाई भारतातून घेऊन आल्या होत्या. माझ्या अंगणातल्या काळ्या खारींकडे मी ज्या नजरेने बघायला लागलो होतो तिच्याबद्दल बाईंनी मला वेगळी ताकीदही दिली. सोन्याची पूड शिंपल्यात कालवायची, तिने रेघ ओढायची. ती आधी मातकट दिसते. मग गुळगुळीत अकीकाच्या दगडाने घोटायची, की एकदम उजळते. ते उजळणं पाहिलं की मी लहान मुलासारखा खुदकन हसायचो. बाई म्हणायच्या, "मधल्या माणसाला नटायची मुभा असते रे. तो पोशाख करून येतो, पोट आत घेतो. काठात मात्र खोटं काढू नकोस. काठातल्या माणसाला कुणी बघतंय हे माहीतच नसतं."

हे वाक्य मी नको तितकं मनावर घेतलं.

मग आमच्या मंडळाच्या दिवाळीसाठी बेत ठरला. इथल्या बारा ज्येष्ठांच्या तसबिरी काढायच्या, दरबारी पद्धतीच्या, काठासकट. नियम जुनेच. चेहरा एका बाजूने, हसायचं नाही, हातात एक वस्तू. दरबारातले लोक फूल धरत, रत्न धरत, बहिरी ससाणा धरत. आमच्या एका आजींनी टीव्हीचा रिमोट धरला. मंडळाच्या माजी अध्यक्षांनी माइक धरला, आणि चित्र पूर्ण झालं तरी तो सोडला नाही. मी त्यांच्या हाशियात दहा इवलीशी माणसं काढली. सगळी पळत सुटलेली, दोघांचे हात कानांवर. अध्यक्षांना ती समूहनृत्य करताहेत असं वाटलं. फार खूश झाले.

तर असं माझं बरं चाललं होतं. लोक चित्र बघायच्या आधी काठ बघायला लागले होते, आणि मी हवेत होतो.

आता काका. माझे सख्खे नाहीत, पण कनाटात आल्यापासून ते माझे काका आहेत. पुढच्या वर्षी ऐंशी. माझ्या घरापासून तीन रस्ते सोडून एकटे राहायचे. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक लेक पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीला, तिथल्या विद्यापीठात नोकरीला. ती रोज सकाळी फोन करायची, आणि रोज फोनच्या शेवटी तोच प्रश्न: "बाबा, कधी येताय इकडे?" काका रोज तेच उत्तर द्यायचे: "तिथं बर्फ नाही, नुसता पाऊस. पाऊस शोव्हल करता येतो का?"

काकांची सगळी नोकरी, आधी पिंपरीत आणि मग इथे, दुसऱ्यांनी काढलेली यंत्रांची ड्रॉइंग तपासण्यात गेली. लाल पेन्सिल घेऊन चूक शोधायची. नोकरी संपली, पेन्सिल संपली नाही. मंडळाचं आमंत्रण आलं की ते दुरुस्त करून परत पाठवायचे. मी दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवल्या तर उत्तर आलं, "धन्यवाद. आपट्याच्या पानाचा फोटो टाकला आहेस तो आपटा नाही, कांचन आहे." एकदा त्यांच्या फॅमिली डॉक्टरच्या भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता बघून ते म्हणाले होते, "डॉक्टर, तुमच्या माणसाला एक बरगडी कमी आहे." मोजली तर खरंच कमी होती. मी त्यांना विचारलं होतं, काका, गप्प नाही का बसवत? तर म्हणाले, "नाही रे. चूक दिसली आणि बोललो नाही, तर पोटात दुखतं माझ्या."

ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

बाईंपुढे ते तसबिरीला बसले तेव्हा त्यांनी हातात काय धरलं असेल? बर्फ काढायचं फावडं. मरून जाकीट, कानटोपी, आणि ॲल्युमिनियमचं ते शोव्हल तलवारीसारखं उभं धरलेलं.

"लेकीला दिसू दे," ते म्हणाले. "माझा ड्राइव्हवे अजून मी स्वतः शोव्हल करतो."

बाई काढत होत्या तोवर ते समोरच्या आरशातून बघत होते. "बाई, माझ्या कानाची पाळी लोंबते. तुम्ही ती ताठ केलीत."

"अहो, दरबारी चित्रात थोडं सुधारून काढायची रीत आहे."

"सुधारलेला कान माझा कसा?"

बाईंनी पाळी खाली आणली. काकांनी मान डोलावली, म्हणजे डोलावू लागले आणि बाई ओरडल्या, "हलू नका!"

आता मला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जायला हवं, आणि तिथे जायला मला आवडत नाही.

मंगळवार होता, सकाळचे अकरा. मी घरून काम करत होतो, म्हणजे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून दूध आणायला निघालो होतो. बाहेर उणे बावीस. मोठ्या रस्त्याच्या बस स्टॉपवर काका उभे. मरून जाकीट, मफलर, कानटोपी, हातात तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा. पायांत नुसते मोजे. राखाडी लोकरीचे, ओले होऊन कडक झालेले.

मी गाडी थांबवली. "काका, कुठे निघालात?"

"ऑफिसला," ते म्हणाले, जणू मीच काहीतरी बावळट विचारलं. "आज बस लेट आहे."

त्यांना निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. ती कंपनी बंद पडली होती, त्या इमारतीत आता जिम आहे.

"चला, मी सोडतो," मी म्हणालो. ते बसले. हीटर पायांकडे केला. दोन सिग्नल गेल्यावर त्यांनी खाली बघितलं.

"मी बूट घातले नाहीत."

"नाही, काका."

"अरे देवा."

त्यांच्या घरी नेऊन मी टबमध्ये कोमट पाणी काढलं. डाव्या पायाची दोन बोटं पांढरी पडली होती. ती लाल होईपर्यंत काका दात आवळून बसले. मी हॉस्पिटलचं नाव काढलं, त्यांनी ऐकलंच नाही. मग म्हणाले, डबा उघड, भरलाय तर खाऊन टाकू. डब्याची कडी काकू होत्या तेव्हाच तुटली होती. काकूंनी ती निळ्या रिबिनीने बांधली होती, आणि ती रिबीन काकांनी बदलली नव्हती. वरच्या कप्प्यात बटाट्याची भाजी, मधल्यात तीन पोळ्या, खालचा रिकामा, पण लख्ख घासलेला. आम्ही दोघांनी ती भाजी-पोळी खाल्ली. भाजीत मीठ कमी होतं, हे त्यांनीच सांगितलं.

"लेकीला बोलू नकोस," ते म्हणाले. "एकदाच झालंय. तिला कळलं तर ती पुढच्या विमानाने येईल आणि मला सुटकेसमध्ये घालून घेऊन जाईल."

"पण काका..."

"शब्द दे."

मी दिला. आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, माझ्या पोटात गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ही टिकली. बायकोलासुद्धा सांगितली नाही. त्यांच्या पुढच्या दाराला एक सेन्सर बसवला, दार उघडलं की माझा फोन वाजायचा. काकांनी बसवू दिला, फक्त स्क्रू तिरका आहे म्हणाले. रोज काहीतरी निमित्त काढून मी डोकवायचो. तसं पुन्हा झालं नाही. निदान माझ्या फोनला कळलं नाही.

आणि ऑक्टोबरात त्यांच्या तसबिरीचं पान माझ्याकडे काठासाठी आलं.

वरच्या बाजूला मी कॅनडा गीजची, म्हणजे इथल्या रानहंसांची, रांग काढली, एका हंसाच्या तोंडात कुणाची तरी टोपी. उजवीकडे ग्रीन बिनचं, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या पेटीचं, झाकण उचलणारा रकून, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला इथला चोरटा प्राणी. त्याच्याखाली विंटर टायर ढकलत नेणारा घामाघूम माणूस, त्याची पगडी मागे पडलेली. बाई हसल्या. मग खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे काहीतरी शांत हवं. वर फार धावपळ केलीयस."

मी कुंचला बुडवला. बाजूला वॉशिंग मशीन गरगरत होतं. मी काही ठरवलं नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. आधी बर्फात रोवलेला एक खांब आला. मग खांबाशेजारी जरा वाकलेली पाठ. कानटोपी. खाली सोडलेला हात, त्यात डबा. आणि त्याच्यापुढे एक हंस, तोही बसचीच वाट बघत, रांगेत पहिला. हंस काढताना मला इतकं हसू आलं की मला रेघ थांबवावी लागली.

पायांपाशी आलो आणि थांबलो. मोजे काढवेनात. तेव्हा मी त्यांना चपला घातल्या. चांगल्या, टोकाला वर वळलेल्या. दरबारी चित्रकार सरदारांचे लोंबते गाल भरून काढत, तसं. शेवटी एकाच केसाने डब्यावर निळी रिबीन ओढली, जिऱ्याच्या दाण्याहून लहान. त्या सगळ्या सोन्यात तेवढाच एक रंग.

बाईंनी भिंग लावलं. बराच वेळ वर बघितलंच नाही.

"हा तू काढलास?"

"हो."

"तीन वर्षांत पहिल्यांदा तुझा माणूस उभा राहिलाय. आत्तापर्यंतचे नुसते चिकटवलेले होते."

मला वाटलं, छतातून वर जातो. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पण बर्फात चपला?"

"फकीर आहे, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पुसला. त्यांना काही माहीत नव्हतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं न्याहाळलेल्या बाईला माणूस कधी थाप मारतोय हे कळत असावं. त्या एवढंच म्हणाल्या, "नको असेल तर आत्ता सांग. घोटायच्या आधी पात्याने खरवडता येतं, पाच मिनिटांचं काम. एकदा घोटलं की सोनं कागदात बसतं, मग निघत नाही."

पातं माझ्या डाव्या हाताशी होतं, अकीक उजव्या. मी अकीक उचलला.

का, ते मी अनेकांना अनेक तऱ्हेने सांगितलंय. काठ कोण बघतो, असं म्हणालो. पेराएवढ्या माणसाला कोण ओळखतो, असंही म्हणालो. एकदा तर असं म्हणालो की मला ते कुणालातरी सांगायचंच होतं, तोंडाने सांगायची छाती नव्हती म्हणून हाताने सांगितलं. हे ऐकायला फार छान वाटतं, लोक मान डोलावतात. खरं कारण फार साधं आणि फार ओशाळवाणं आहे. तो माझा सगळ्यात चांगला माणूस होता, आणि मला तो खरवडवेना.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच आशा लागायला नको. नवीन वर्ष लागलं आणि काका बर्नाबीला गेले. घर विकायला निघालं. त्यांचं ॲल्युमिनियमचं शोव्हल आता माझ्या गॅरेजमध्ये आहे. देताना म्हणाले, "तुझं प्लास्टिकचं आहे, ते चूक आहे." बर्फ पडला की मी त्यानेच ड्राइव्हवे साफ करतो, आणि दर वेळी आधी तीन रस्ते पलीकडचा साफ करून यावंसं वाटतं. ते रविवारी फोन करतात. तिथल्या काँडोच्या नोटीस बोर्डावर त्यांना चार चुका सापडल्या आहेत. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

लेक बोलली. जाण्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "दादा, बाबांची दोन बोटं अजून बधिर आहेत. फेब्रुवारीत झालं आणि तुम्ही नोव्हेंबरपर्यंत गप्प बसलात?" मग तिने माझा हात धरला आणि थँक यू म्हणाली. म्हणजे काकांचा शब्द मोडला म्हणून मी त्यांचा गुन्हेगार, आणि इतके महिने पाळला म्हणून तिचा. दोन्ही बाजूंनी दोषी ठरायला खरं तर जरा कौशल्यच लागतं.

तर प्रदर्शन. कम्युनिटी सेंटरचा हॉल, नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे तीन. एका टोकाला फराळ, दुसऱ्या टोकाला आमची बारा पानं, तिरक्या स्टँडवर काचेखाली मांडलेली. आणि प्रत्येक टेबलावर एक भिंग. ही भिंगं माझी कल्पना. बाई म्हणाल्या होत्या, चित्रं लांबूनच बघू दे लोकांना. मी हट्टाने भिंगं मागवली, कारण लांबून काठ दिसत नाही. शेरवानी घालून मी टेबलांमधून फिरत होतो आणि जत्रेतल्यासारखा ओरडत होतो, "मधे बघू नका, मंडळी! मधे सगळे बघतात! काठ बघा, काठ!"

काकांची लेक न सांगता आली होती, वडिलांना सरप्राइज म्हणून. सकाळीच विमानातून उतरलेली. ती नवव्या पानापुढे उभी राहिली, आणि हसायलाच लागली. मग डोळे पुसले.

"शोव्हल!" ती म्हणाली. "बघा ना कसे उभेत. जसे काही आत्ता कुणावर स्वारी करणारेत."

"आणि कान बघ," मी म्हणालो. "पाळी त्यांनी स्वतः दुरुस्त करून घेतली."

तिने काचेवर वाकून कान बघितला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, खरं सांगू? या वेळी मी त्यांना घेऊनच जायचं असं ठरवून आले होते. तिकीटही बघून ठेवलंय. पण हे बघून वाटतंय, राहू दे. खुशीत आहेत. अजून एक विंटर राहू दे त्यांना."

इथे एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? तिला चकली दिली असती. तिचा दंड धरून तिला रिमोटवाल्या आजींच्या तसबिरीकडे नेलं असतं. हॉलमध्ये आग लागली असं ओरडलं असतं.

मी म्हणालो, "अगं, पण मधलं सगळं बाईंचं काम आहे. माझं काठात आहे." आणि टेबलावरचं भिंग उचलून स्वतःच्या हाताने तिच्या हातात दिलं.

मला आठवलं नाही, असं नाही. आठवलं. पण त्या क्षणी मला तिने माझा रकून बघायला हवा होता.

ती वरून सुरुवात करून निघाली. हंसांपाशी हसली. रकूनपाशी मोठ्याने हसली, "ओ माय गॉड, आमचा ग्रीन बिन!" टायरवाल्यापाशी हसली. भिंग खाली सरकलं, तळाच्या फुलांवरून डावीकडे गेलं, आणि थांबलं.

मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो.

"हा कोण?"

"फकीर," मी म्हणालो. "मुघल हाशियात एखादा फकीर असतोच. रीत आहे."

"हा बस स्टॉप आहे का?"

"खांब आहे. दरबारी खांब."

"याच्या डब्याला रिबीन आहे."

"फकिरांना कुणी कुणी काही काही देतं गं. रिबिनी, डबे..."

"दादा, ही आईची रिबीन आहे."

तिने भिंग खाली ठेवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की माझ्यावर विश्वास ठेवायची तिची इच्छा होती. मी म्हटलं असतं की काकूंच्या आठवणीसाठी सहज काढली रिबीन, तर तिने ते घेतलं असतं. एवढं एक वाक्य. ते माझ्या ओठांवर आलं होतं. आणि तेवढ्यात मागून काका आले, एका हातात चिवड्याची प्लेट.

"काय गं, चूक सापडली का काही?"

तिने उत्तर द्यायच्या आत त्यांनी तिच्या हातातून भिंग घेतलं, प्लेट माझ्या हातात दिली आणि कोपऱ्यावर वाकले. हंस बघा काका, मी मनात म्हणत होतो, हंस बघा, हंस किती विनोदी आहे. आमच्या मागे कुणीतरी लाडवाच्या पाकाबद्दल हुज्जत घालत होतं. काका बघत होते. त्यांचे ओठ जरा सुटले, हसल्यासारखे. त्यांनी तो डबा ओळखला, ती पाठ ओळखली, आणि मला अजूनही वाटतं, त्यांना तो माणूस आवडला. मग त्यांची डावी भुवई वर गेली. लाल पेन्सिलवाली भुवई. मी ती वीस वर्षं ओळखतो. मी प्लेट खाली ठेवायला वळलो तेवढ्यात काका, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, चिडून म्हणाले,

"अरे, ह्या चपला कुठून आल्या? मी तर नुसत्या मोज्यांवर होतो!"